पित्तनलिकेचे अरुंद दार

१९५६ सालच्या ऑक्टोबर महिन्यात सुवेझ कालव्याच्या प्रश्नावरून जग युद्धाच्या काठावर येऊन उभे राहिले होते. त्याच दिवसांत ब्रिटनचे पंतप्रधान सर अँथनी ईडन थंडी भरून आलेल्या तापाने फणफणले होते. इजिप्तवर सैन्य धाडावे की नाही, हा निर्णय ज्यांच्या हाती होता त्यांच्या दुखण्याचे मूळ त्यांच्या यकृताखालच्या एका अरुंद नळीत होते. १९५३ च्या एप्रिलमध्ये, परराष्ट्रमंत्री असताना, लंडन येथे त्यांच्या पित्ताशयावर शस्त्रक्रिया झाली होती. तीत पित्तनलिकेला इजा पोचली. त्याच वर्षी अमेरिकेत बॉस्टन येथे जाऊन रिचर्ड कॅटेल या शल्यविशारदांकडून त्यांनी ती नळी दुरुस्त करून घेतली. तरीही ताप पुनःपुन्हा येत राहिला. जानेवारी १९५७ मध्ये प्रकृतीचे कारण देऊन त्यांनी पंतप्रधानपद सोडले.

त्या राजकारणाचा निवाडा इतिहासकार करोत. मला आज त्या नळीचा इतिहास सांगावयाचा आहे. तिच्या दारातून आत शिरण्याची विद्या माणसाने कशी मिळविली, आणि शिरताना इजा होऊ नये हे शिकावयास त्याला त्याहून किती अधिक काळ लागला, अशी ही हकीकत आहे.

आपल्या यकृतात दररोज अर्धा ते एक लिटर पित्त तयार होते. ते पित्तनलिकेवाटे खाली उतरून, जठराच्या पुढे लागणाऱ्या लहान आतड्याच्या पहिल्या भागात, म्हणजे आद्यांत्रात, पडते. वाटेत पित्ताशयाची पिशवी आहे. जेवणाच्या वेळेपर्यंत ती पित्त साठवून ठेवते. निरोगी माणसात ही नलिका जेमतेम पाच-सहा मिलिमीटर रुंद असते. तिचे दार आद्यांत्राच्या भिंतीवरील एका लहानशा उंचवट्याच्या टोकाशी उघडते. जर्मनीतील विटेनबर्गचे शरीररचनाशास्त्रज्ञ आब्राहाम व्हेटर यांनी १७२० साली या भागाचे वर्णन केले, म्हणून त्याला व्हेटरचा उंचवटा म्हणतात. पुढे १८८७ साली रुज्जेरो ओडी या इटालियन वैद्यकीय विद्यार्थ्याने दाराशी असलेल्या स्नायूच्या कडीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही कडी आवळली की दार मिटते आणि सैल झाली की पित्त वाहू लागते.

या दाराची खरी अडचण आणखी निराळीच आहे. स्वादुपिंडाची नळीही बहुतेक माणसांत याच दाराशी येऊन मिळते. एका ओसरीवर दोन खोल्या उघडाव्यात आणि ओसरीत माणूस उभा राहण्यापुरतीही जागा नसावी, तसा हा प्रकार. पहिल्या खोलीत जाऊ म्हटले तर धक्का दुसरीच्या दाराला लागतो. आणि ही दुसरी खोली म्हणजे दारूगोळ्याचे कोठार. स्वादुपिंडात अन्न पचविणारे प्रखर रस असतात. ते आतड्यात पोचण्यापूर्वी जागच्या जागीच चेतले, तर स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागते. यालाच स्वादुपिंडदाह म्हणतात. सौम्य असेल तर दोन-चार दिवसांच्या पोटदुखीवर निभावते. तीव्र असेल तर प्राणावर बेतते.

हा धोका कोणाला ठाऊक नव्हता असे नाही. फ्रान्सचे क्लोद बेर्नार यांनी १८५६ साली प्राण्याच्या स्वादुपिंडनळीत पित्त सोडले आणि तेथे दाह उत्पन्न होतो असे दाखविले. १९०१ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे युजीन ओपी यांनी स्वादुपिंडदाहाने दगावलेल्या एका रुग्णाचे शवविच्छेदन केले, तेव्हा बारीकसा पित्तखडा नेमका त्या सामाईक दारात अडकून बसलेला आढळला. म्हणजे या दाराशी अडथळा झाला तर काय होते, याची सूचना दुर्बीण जन्मास येण्यापूर्वी अर्धशतकाहून अधिक काळ लिहिली गेली होती. हे ध्यानात असू द्यावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

ओपी यांनी तपासलेल्या त्या रुग्णावर उपचार करणारे शल्यविशारद होते विल्यम हॉल्स्टेड. आधुनिक शस्त्रक्रियेच्या शिल्पकारांत त्यांची गणना होते. त्या काळी पित्तखड्यांवर पोट उघडण्यावाचून इलाज नव्हता. बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ साली पहिल्यांदा पित्ताशय काढून टाकले, आणि १८९० च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील बाझलचे लुडविग कूर्व्हाझिए यांनी पित्तनलिका उघडून तिच्यातला खडा बाहेर काढला. हे मार्ग खुले झाले खरे, पण ते बिकट होते. खुद्द हॉल्स्टेड यांनाच पित्तखड्यांचा विकार जडला. १९१९ साली त्यांचे पित्ताशय काढले. तीन वर्षांनी खड्यासाठीच पुन्हा पोट उघडावे लागले, आणि त्या शस्त्रक्रियेनंतर उद्भवलेल्या उपद्रवांनी १९२२ च्या सप्टेंबरमध्ये त्यांचा अंत झाला. हॉल्स्टेड आणि ईडन या दोघांना त्यांच्या काळातील निष्णात हात लाभले होते. तरीही ही नळी दोघांनाही सोपी गेली नाही.

पोट न उघडता त्या दारापर्यंत पोचण्याची वाट काचेने दाखविली. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स आणि त्यांचे विद्यार्थी नरिंदरसिंग कपानी यांनी काचेच्या केसासारख्या तंतूंची जुडी करून तिच्यातून चित्र पाठविता येते असे सिद्ध केले, आणि १९५४ च्या जानेवारीत ते शोधनिबंधातून जाहीर केले. कपानी हे पंजाबातील मोगा येथे जन्मलेले, आग्र्यास शिकलेले. त्यांचा निबंध अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील बेसिल हर्शोविट्झ यांच्या वाचनात आला. त्यांनी सहकाऱ्यांसह अशा तंतूंची वाकणारी दुर्बीण बनविली, आणि १९५७ साली ती पहिल्याने स्वतःच्याच घशातून खाली उतरविली. रोग्याच्या आधी स्वतःवर प्रयोग करणाऱ्या या वैद्याची आठवण ठेवण्यासारखी आहे.

दुर्बिणीने जठर दिसू लागले, आतड्याचा आरंभ दिसू लागला. आता उरले ते दार. १९६८ साली वॉशिंग्टन येथील विल्यम मॅक्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुर्बिणीच्या अंगाला बाहेरून एक बारीक नळी जोडली, ती त्या उंचवट्याच्या छिद्रात सारली आणि क्ष-किरणांत दिसणारे औषध आत सोडून पित्ताच्या व स्वादुपिंडाच्या नळ्यांचे चित्र मिळविले. पहिला प्रयत्न म्हणून तो ओबडधोबड होता, आणि यशही थोड्याच रुग्णांत आले. त्याला सुबक रूप दिले जपानने. उंचवटा आतड्याच्या बाजूच्या भिंतीवर असल्यामुळे समोर पाहणाऱ्या दुर्बिणीला तो तिरका दिसतो. टोकियोचे इतारू ओई आदी वैद्य आणि तेथील दुर्बीण बनविणारे कारखाने यांनी १९६९-७० च्या सुमारास बाजूला पाहणाऱ्या, नळी वरखाली करण्याची कळ बसविलेल्या दुर्बिणी सिद्ध केल्या. इंग्लंडचे पीटर कॉटन जपानास जाऊन ही विद्या शिकून आले. १९७२ सालच्या आपल्या लेखाच्या शीर्षकात त्यांनी तिचे लांबलचक नाव आद्याक्षरांत बसविले. आज रुग्णालयांत आपण ऐकतो ते ई.आर.सी.पी. हे नाव तेच.

पाहणे साधले, तेव्हा करणे दूर राहिले नाही. १९७३ साली जर्मनीतील एर्लांगेन येथे माइनहार्ड क्लासेन व लुडविग डेमलिंग यांनी, आणि त्याच सुमारास जपानमधील क्योटो येथे केइइची कावाई यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, विजेच्या तारेने दाराची ती स्नायूची कडी छेदली आणि खड्याला वाट करून दिली. १९७९ साली हाम्बुर्गचे निब सोहेंद्रा यांनी कर्करोगाने आवळलेल्या नलिकेत प्लॅस्टिकची नळी बसवून कावीळ उतरविली. मॅक्यून यांच्या पहिल्या प्रयत्नास तेव्हा केवळ अकरा वर्षे झाली होती. ज्या विकारासाठी पूर्वी पोट उघडून आठवडेच्या आठवडे अंथरुणावर काढावे लागत, त्यातून माणूस दोन दिवसांत घरी जाऊ लागला.

श्रोते हो, हकीकत येथे संपती तर ती विजयाची गोष्ट ठरली असती. पण खरा धडा यापुढेच आहे.

नवे हत्यार हाती आले म्हणजे त्याचा उपयोग वाढतो, आणि उपयोग वाढला म्हणजे त्याची किंमतही उघडी पडते. दाराशी नळीचे टोक वारंवार टोचले गेले, चुकून स्वादुपिंडाच्या नळीत औषध भरले गेले, की दार सुजे आणि स्वादुपिंडदाह उद्भवे. छेद घेताना कधी रक्तस्राव होई, कधी आतड्यास छिद्र पडे. अडलेल्या पित्तात जंतू शिरले तर नलिकेला जंतुबाधा होई. प्रत्येक रुग्णालय आपापल्या परीने नोंद ठेवी. परंतु एकाने ज्याला दुखापत म्हटले त्याला दुसरा किरकोळ दुखणे म्हणे. मापच ठरलेले नसेल तर हिशेब कोणी आणि कसा मांडावयाचा?

१९९१ साली कॉटन व इतर अनुभवी वैद्यांनी एकत्र बसून ते माप ठरविले. स्वादुपिंडदाह कशास म्हणावयाचे, तो सौम्य कोणता व तीव्र कोणता, रक्तस्राव केव्हा मोजावयाचा, याच्या व्याख्या त्यांनी लिहून काढल्या. आम्हा ख्रिस्ती लोकांत पापनिवेदनास जाण्यापूर्वी विवेकबुद्धीची तपासणी करावी लागते. कोणते दोष आपल्या हातून घडले हे आधी स्वतःशी नीट मोजावे लागते. या वैद्यांनी जे केले ते मला त्याच जातीचे वाटते. दोषांना नावे दिल्यावाचून ते टळत नाहीत.

माप ठरले तेव्हा हिशेबही मांडता आला. अमेरिका व कॅनडा येथील सतरा रुग्णालयांत दाराला छेद दिलेल्या २,३४७ रुग्णांची नोंद मार्टिन फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केली. शंभरातील जवळजवळ दहांना, नेमके सांगावयाचे तर ९.८ टक्के रुग्णांना, काही ना काही उपद्रव झाला होता. ५.४ टक्के रुग्णांना स्वादुपिंडदाह झाला. २ टक्के रुग्णांना रक्तस्राव झाला. पण त्या आकड्यांत खरे धक्कादायक असे दुसरेच काही होते. म्हातारे, अशक्त, खड्याने आजारी पडलेले लोक सर्वांत अधिक धोक्यात असतील असा सर्वसाधारण समज. प्रत्यक्षात सर्वांत अधिक उपद्रव झाला तो ज्यांच्यात खडाही नव्हता, ज्यांची केवळ दाराची कडी नीट उघडत नसावी असा संशय होता, अशांना; त्यांच्यात हे प्रमाण २१.७ टक्के निघाले. ज्यांना या उपचाराची गरज सर्वांत कमी, त्यांनाच तो सर्वांत घातक ठरला. आणि जे वैद्य आठवड्यास एकाहून अधिक असे उपचार करीत, त्यांच्या रुग्णांना उपद्रव कमी झाला होता.

या हिशेबानंतर सुधारणा दोन अंगांनी झाली. एक हाताची, दुसरी विवेकाची.

हाताची आधी पाहू. वैद्याला पडद्यावर तो उंचवटा समोर दिसतो. त्याला घड्याळाची तबकडी समजले तर पित्तनलिका साधारण अकराच्या काट्याच्या दिशेने वर जाते, आणि स्वादुपिंडाची नळी एकाच्या दिशेने. पूर्वी नळीचे तोंड दाराशी आणून औषध सोडीत आणि चित्र उमटेल ते पाहत. त्यात ते औषध भलत्याच खोलीत जाण्याचा संभव मोठा. आता नळीतून आधी एक मऊ टोकाची तार अलगद पुढे सारतात. तार अकराच्या दिशेने वर गेली असे क्ष-किरणांत दिसले म्हणजे मगच औषध सोडतात. २००४ साली इटलीतील वैद्यांनी चारशे रुग्णांत दोन्ही रीती ताडून पाहिल्या. जुन्या रीतीच्या गटात आठ जणांना स्वादुपिंडदाह झाला. तारेच्या गटात एकालाही झाला नाही. पुढच्या अभ्यासांत हा फरक इतका मोठा राहिला नाही, पण कौल तारेच्याच बाजूने पडला.

तारही शिरेना तर? पूर्वी हट्टाने प्रयत्न चालू राहत. युरोपातील दुर्बीणतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली या हट्टाला मर्यादा घालून दिली. उंचवट्याला पाचाहून अधिक वेळा स्पर्श झाला, पाच मिनिटांहून अधिक वेळ गेला, किंवा तार एकाहून अधिक वेळा चुकून स्वादुपिंडात शिरली, तर दार कठीण आहे असे मानावे आणि रीत बदलावी. बदलण्याच्या रीती अनेक आहेत. सुईच्या टोकाच्या सुरीने वरून लहानसा छेद घेऊन वाट करणे, ही त्यांतली एक. ती नवशिक्याचे काम नव्हे. पण जाणत्या हाताने वेळेवर योजली तर शंभर वेळा टोचण्यापेक्षा ती सुरक्षित ठरते. तार स्वादुपिंडात शिरलीच असेल तर तेथे एक बारीक प्लॅस्टिकची नळी ठेवून देतात. दार सुजले तरी स्वादुपिंडाचा रस तिच्यातून वाहत राहतो. अशी नळी बहुधा काही दिवसांत आपोआप गळून पडते. न पडल्यास काढून घेतात.

आणि सर्वांत स्वस्त उपाय सर्वांत उशिरा सापडला. इंडोमेथॅसिन हे सूज उतरविणारे जुने, अगदी माफक किमतीचे औषध. २०१२ साली अमेरिकेत अधिक धोक्याच्या ६०२ रुग्णांवर त्याची परीक्षा झाली. निम्म्यांना ते गुदद्वारातून दिले, निम्म्यांना तशीच दिसणारी औषधहीन गोळी दिली. औषधहीन गटात १६.९ टक्के रुग्णांना स्वादुपिंडदाह झाला. औषध दिलेल्यांत ९.२ टक्के. ज्यांना हे औषध वर्ज्य नाही अशा सर्व रुग्णांना इंडोमेथॅसिन अथवा त्याच जातीचे डायक्लोफेनॅक उपचारापूर्वी द्यावे, अशी युरोपीय तज्ज्ञांची शिफारस आहे.

आता विवेकाची सुधारणा. नळ्यांचे चित्र घेण्यासाठी चुंबकीय यंत्राची एम.आर.सी.पी. नावाची तपासणी १९९० नंतर रूढ झाली. तीत पोटात काहीच घालावे लागत नाही. २००२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलाविलेल्या परिषदेने स्पष्ट सांगितले की, उपद्रव टाळण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे अनावश्यक ई.आर.सी.पी. न करणे. आणि मग २०१४ साली एक निर्णायक अभ्यास प्रसिद्ध झाला. पित्ताशय काढल्यानंतरही ज्यांचे पोट दुखत राहते, पण तपासण्यांत दोष सापडत नाही, अशा २१४ रुग्णांना दोन गटांत विभागले. एका गटात दाराला खरोखर छेद दिला. दुसऱ्या गटात दुर्बीण घातली पण छेद दिला नाही. कोणाला काय केले हे रुग्णाला ठाऊक नव्हते. वर्षाने पाहिले तेव्हा छेद दिलेल्यांपैकी २३ टक्के लोकांना आराम होता. छेद न दिलेल्यांपैकी ३७ टक्के लोकांना. म्हणजे छेद देऊन काहीच साधले नव्हते. या अभ्यासाचे प्रमुख होते पीटर कॉटन. ज्यांनी या उपचारास नाव दिले आणि आयुष्यभर तो शिकविला, त्यांनीच काही रुग्णांत तो करू नये असे सप्रमाण सिद्ध केले. या सबंध इतिहासात मला याहून मोठे असे काही दिसत नाही.

अजूनही सर्व अडचणी सरल्या आहेत असे नाही. २०१५ साली अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने इशारा दिला की, दुर्बिणीच्या टोकाशी नळी उचलणारी जी कळ आहे तिच्या सांदीत घाण राहून हट्टी जंतू एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. जी कळ १९७० च्या सुमारास वरदान ठरली, तीच पंचेचाळीस वर्षांनी अडचण होऊन बसली. म्हणून टोकाचा भाग एकदा वापरून टाकून द्यावा अशा रचना आता पुढे येत आहेत.

आपल्या देशातही ही विद्या खोल रुजली आहे. उत्तर हिंदुस्थानात पित्तखड्यांचे प्रमाण दक्षिणेपेक्षा पुष्कळ अधिक. तेव्हा गरजही मोठी. हैदराबादेत डॉ. नागेश्वर रेड्डी यांनी १९९४ साली सुरू केलेल्या संस्थेत दूरदूरचे वैद्य शिकावयास येतात. २०२५ साली त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. म्हणजे आता ईडन यांच्याप्रमाणे कोणाला समुद्र ओलांडण्याचे कारण उरलेले नाही.

तेव्हा आपल्यापैकी कोणाच्या घरी कावीळ झाली आणि वैद्यांनी हा उपचार सुचविला, तर घाबरून जाऊ नये. नलिकेत खडा अडकून ताप येत असेल तर विलंब करणेच धोक्याचे आहे. त्या वेळी हा उपचार जीव वाचवितो. परंतु नम्रपणे तीन गोष्टी जरूर विचाराव्यात. नलिकेत खडा किंवा अडथळा आहे हे आधी दुसऱ्या तपासणीने कळले आहे काय? हा उपचार करणारे वैद्य तो नेहमी करतात काय? आणि स्वादुपिंडाची सूज टाळणारे औषध देण्यात येणार आहे काय? रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ती आधीच सांगावीत. उपचारानंतर काही तासांत पोटाच्या वरच्या भागात तीव्र कळा येऊ लागल्या, ताप भरला किंवा शौचास काळे झाले, तर ते सोसत घरी बसू नये. त्याच दिवशी परत जावे. हे प्रश्न विचारण्यात वैद्यांचा अपमान नाही. चांगल्या वैद्यांनी ते स्वतःलाच विचारले, म्हणून तर हा उपचार आज इतका निर्धोक झाला आहे.

आत शिरण्याची युक्ती माणसाला दहा-बारा वर्षांत साधली. केव्हा शिरू नये हे कळावयास चाळीस वर्षे लागली, आणि ती समज आपापल्या चुका प्रामाणिकपणे मोजल्यानेच आली.